मास्टर लोकांच्या ड्रॉइंगवरून माणसं काढायला शिकायचंय? मग इथून सुरुवात करा

फिगर ड्रॉइंग शिकायचंय पण मॉडेल नाही, क्लास परवडत नाही, घरातलं कोणी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. जुन्या मास्टर चित्रकारांची ड्रॉइंग्ज समोर ठेवून काढणं हा सगळ्यात जुना रस्ता आहे आणि मला विचाराल तर अजूनही सगळ्यात भरवशाचा. मायकेलअँजेलोने पोरवयात जोत्तो आणि मसाच्चोच्या भित्तिचित्रांतली माणसं कॉपी केली, त्यातले कागद आजही पॅरिसला लूव्रमध्ये आणि म्युनिकला जपून ठेवलेत. पुढे रुबेन्सने इटलीत राहून त्याच मायकेलअँजेलोला कॉपी केलं. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं १८८० मध्ये, वय २७, आणि पहिलं काम काय केलं तर शार्ल बार्गच्या ड्रॉइंग कोर्सची पानंच्या पानं कॉपी करायला घेतली, त्यामुळे उशीर झालाय वगैरे डोक्यात असेल तर ते काढून टाका.

पण कॉपी करण्याचेही प्रकार असतात. मी सुरुवातीची दोन वर्षं चौकोन पाडून कॉपी करत होते, शाळेत कॅलेंडरवरचे देव काढायला लावायचे तसं, एक एक सेंटिमीटरचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात जे दिसतं ते खालच्या चौकोनात उतरवायचं. चित्र हुबेहूब यायचं, घरी कौतुक व्हायचं, आणि मग समोर बसून शेंगा सोलणाऱ्या आजीला काढायला घेतलं की काहीच जमायचं नाही. कारण त्या चौकोनात माणूस कधी दिसतच नाही, नुसते रेघांचे तुकडे दिसतात, आणि तो खांदा वर का गेलाय, मान इकडेच का वळलीय, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आता कॉपी करताना एकच गोष्ट धरून बसते, ही रेघ त्याने इथे का ओढली असेल. खाली जे सांगतेय ते सगळं हा प्रश्न विचारायची सवय लागावी म्हणून.

सामान

फार काही लागत नाही. २बी आणि ४बी पेन्सिल, कार्ट्रिज पेपर, मऊ मळता येणारं खोडरबर, एक ड्रॉइंग बोर्ड नाहीतर जाड पुठ्ठा आणि दोन क्लिपा. एक लाल-तपकिरी काँटे (कडक खडूची कांडी) किंवा तशा रंगाची पेन्सिल मिळाली तर जरूर घ्या, कारण जुनी बरीच ड्रॉइंग्ज लाल खडूत आहेत. हा लाल खडू म्हणजे लोहाचा अंश असलेली माती, आपल्याकडे कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला गेरू लावतात ना, त्याचा लाल रंगही तिथूनच येतो. हा खडू नीट खोडता येत नाही. म्हणून ते लोक आधी अगदी फिकं काढायचे, इतकं फिकं की चुकलं तरी खालून दिसून त्रास होऊ नये, आणि खात्री झाली की मगच दाबायचे. आपल्याला ही एकच सवय लागली तरी पुष्कळ झालं.

शिवाय हातभर दोरा आणि त्याला बांधायला एक नट. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडतात तसा आपलाही एक ओळंबा, त्याचं काम पुढे येईल. आणि ट्रेसिंग पेपरचे दोन-चार कागद.

चित्र कुठलं निवडायचं

इथे बहुतेक जण चुकतात. एकदम मोठं, पीळदार, दहा माणसांचं चित्र घेतात, तीन दिवसांत कंटाळतात आणि वही बंद. मी म्हणेन या क्रमाने जा.

आधी एक पाय किंवा एक हात, बार्गच्या प्लेट्समधला. हा कोर्स १८६६ ते १८७१ या काळात पॅरिसमध्ये निघाला, जेरोम या चित्रकाराच्या साथीने. पहिल्या भागात प्लास्टरच्या कास्टवरून, म्हणजे साच्यातून काढलेल्या पुतळ्यांवरून, केलेली ड्रॉइंग्ज आहेत आणि त्यातली गंमत अशी की बऱ्याच पानांवर तोच पाय दोनदा असतो, एकदा नुसत्या सरळ सरळ रेघांनी बांधलेला आणि शेजारी शेडिंगसकट पूर्ण झालेला. म्हणजे उत्तरासोबत रीतही दिलेली. असे दोन-तीन करा, त्याने डोळा मापाला बसतो. त्याच्या पुढे अडकून राहू नका, कारण प्लास्टरचा पाय कशावरही उभा नसतो.

मग कपडे घातलेली साधी माणसं, रेम्ब्रांटची. त्याचं एक पेन-शाईचं ड्रॉइंग आहे ब्रिटिश म्युझियममध्ये, साधारण १६५६चं, जेमतेम पोस्टकार्डाएवढं. लहान मूल चालायला शिकतंय, आई आणि बहिणीने दोन्ही बाजूंनी धरलंय, बाप समोर उकिडवा बसून हात पुढे करून बोलावतोय. आणि मागून एक बाई दुधाची बादली घेऊन चाललीय. ती बादली भरलेली आहे हे बादलीत डोकावून कळत नाही, तिचा दुसरा हात बाहेर फेकला गेलाय त्यावरून कळतं, आपल्याकडे एका हातात भरलेली कळशी घेतली की दुसरा हात आपोआप बाजूला जातो अगदी तसंच. चार-पाच रेघांत हे सगळं. हे चित्र मी किती वेळा काढलं असेल माझं मलाच माहीत नाही आणि अजून त्या बाईचा हात मनासारखा आलेला नाही.

आणि मग मायकेलअँजेलोचा लिबियन सिबिलचा कागद (सिबिल म्हणजे प्राचीन काळची भविष्य सांगणारी बाई). न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, १५१० ते ११च्या सुमाराचा, व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलच्या छतावर जी लिबियन सिबिल आहे तिची ही तयारी. मेटच्या साइटवरून मोठ्या साइझमध्ये फुकट डाऊनलोड होतं, २०१७ पासून त्यांनी अशा कॉपीराइट नसलेल्या चित्रांच्या इमेजेस सगळ्यांना खुल्या केल्यात. मूळ कागद साधारण २९ बाय २१ सेंटिमीटर आहे, म्हणजे आपला ए-फोर बघा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढली की मूळ चित्र जवळपास मूळ मापातच टेबलावर येतं. मोबाईलवर बघून काढू नका, स्क्रीन बंद होते, बोट लागून झूम होतं आणि आपण नखं-पापण्या काढत बसतो. प्रिंटच काढा.

आधी पेन्सिल बाजूला ठेवून बघा

दहा मिनिटं नुसतं बघायचं. सांगायला सोपं आहे पण हात शिवशिवतात, म्हणून वहीत पाच गोष्टी लिहायच्या असा नियम करून घ्या.

सिबिलच्या कागदावर काय दिसतं ते सांगते. मधे पाठमोरी आकृती, उघडी, आणि ती पुरुषाची आहे, छतावरची सिबिल बाई असली तरी इथे मॉडेल पुरुष आहे. पाठीचे स्नायू सगळे कामाला लागलेत, हात वर, चेहरा बाजूला वळलेला. मांडीशी येऊन ड्रॉइंग थांबतं. खाली डावीकडे तोच चेहरा परत काढलाय, जरा बायकी करून. एक हात वेगळा काढलाय. आणि खाली पाऊल, त्याची बोटं, आणि तो अंगठा, परत, परत.

मला वर्षभर कळलं नव्हतं की एवढ्या मोठ्या पाठीच्या ड्रॉइंगमध्ये या माणसाला अंगठ्याचं काय पडलंय. मग एकदा रात्री सगळे झोपल्यावर ती पोज करून बघितली. छतावरच्या चित्रात ती मागे वळून एक भलंमोठं पुस्तक दोन्ही हातांनी धरतेय आणि त्याच वेळी बसल्या जागेवरून खाली उतरतेय. मी स्वयंपाकघरातला जड पाट घेतला, स्टुलावर अर्धवट टेकले आणि वळून पाट धरला. दुसऱ्याच सेकंदाला पोटरी ताठ झाली आणि सगळा भार पायाच्या अंगठ्यावर आला, अंगठा फरशीवर दाबून पसरला. तो सरकला असता तर मी पडले असते. म्हणजे वर जे काही वळतंय, पीळ पडतोय, ते सगळं खाली त्या अंगठ्यावर तोललेलं आहे, म्हणून तो ते परत परत काढून बघतोय.

तेव्हापासून कुठलंही चित्र कॉपी करायच्या आधी मी ती पोज स्वतः करते. तुम्हीही करा, दार लावून घ्या हवं तर. कुठे ताण येतो, कुठे सैल पडतं, भार कुठल्या पायावर, हे अंगाला कळलं की ड्रॉइंगमध्ये नेमक्या त्याच जागी रेघ दाबलेली सापडते. (पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल त्यांनी अशा पीळ पडणाऱ्या पोजा करू नका, बसलेल्या करा.)

भार आणि कल

आता कागदावर. पहिली दोन मिनिटं फक्त एक लांब रेघ, डोक्यापासून भार असलेल्या पायापर्यंत अंग कसं वाहतंय ती. मग तीन आडव्या रेघा, डोळ्यांची, खांद्यांची, कमरेची. उभ्या माणसाचा भार एका पायावर असला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा सहसा त्याच बाजूला खाली येतो, म्हणजे दोन रेघा एकमेकींकडे झुकतात. युरोपात याला काँत्रापोस्तो म्हणतात. आपल्याकडचा त्रिभंग याच्या बराच जवळचा, अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी डोळ्यासमोर आणा, डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर परत तिकडे. त्या पद्मपाणीवर या तीन रेघा मारून बघा एकदा, मजा येते. आणि अजिंठा कॉपी करणं हा तर आपल्या इथल्या कलाशिक्षणाचाच भाग आहे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन त्या लेण्यांमध्ये कॉपी करत होते, पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

आता तो ओळंबा काढा. प्रिंट भिंतीवर सरळ चिकटवा, एक डोळा मिटा आणि दोरा चित्रातल्या गळ्याच्या खळगीवर धरा, पाठमोरं असेल तर मानेच्या मणक्यावर. दोरा खाली कुठे जातोय ते बघा, पावलाच्या आत की बाहेर, गुडघ्याच्या कुठल्या बाजूने. तीच उभी रेघ आपल्या कागदावर फिकी मारा. माणूस पडतोय असं वाटणारी दहातली आठ ड्रॉइंग्ज इथेच चुकलेली असतात, चेहरा कितीही छान असला तरी.

ठोकळे

मग डोकं, बरगड्यांचा पिंजरा आणि कमरेचा भाग असे तीन ठोकळे. डबे समजा, एकमेकांवर जरा तिरके ठेवलेले. प्रत्येक डबा कुठे वळलाय, त्याचं झाकण दिसतंय की तळ, एवढंच ठरवायचं. हातपाय अजून नुसत्या काड्या राहू देत. यावर फार लिहीत नाही कारण हे वाचून कळत नाही, वीस वेळा करून कळतं. एका बैठकीत एकाच चित्राचे पाच-सहा छोटे ठोकळे काढा, प्रत्येकी तीन मिनिटांत. मोठं ड्रॉइंग त्याच्यानंतर.

कडेची रेघ

इथे मात्र सावकाश. नवीन माणूस अंगाची कड एका सलग रेघेत काढतो, तार वाकवल्यासारखी, आणि त्याने माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मास्टर लोकांची रेघ बघा, ती तुटते. दंडाची रेघ वरून येते, काखेपाशी आत शिरते आणि पाठीची रेघ तिच्यावरून जाते. जी वरून जाते ती पुढे, जी आत शिरते ती मागे. बस, एवढ्यानेच खोली येते, शेडिंगची गरजसुद्धा लागत नाही. मी लाल पेनने प्रिंटवर अशा जागांना गोल करते, जिथे जिथे एक रेघ दुसरीच्या मागे गेलीय. सिबिलच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, अशा जागा शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली होती आणि त्या एका संध्याकाळीत मी जे शिकले ते दोन वर्षं चौकोन पाडून शिकले नव्हते.

दुसरं, रेघेचा दाब. हाड कातडीजवळ येतं तिथे, कोपर, घोटा, मनगट, तिथे रेघ बहुतेक वेळा कडक आणि थोडी सरळ असते. मांस असतं तिथे गोल आणि मऊ. आपली कॉपी करताना हे दाब जसेच्या तसे द्यायचा प्रयत्न करा.

स्नायूंच्या बाबतीत एक सांगते. मायकेलअँजेलो काढायला लागलं की सगळेच स्नायू सारख्याच जोराने काढायचा मोह होतो. लिओनार्डोने या गोष्टीवर लिहून ठेवलंय, की असं केलं तर अंग अक्रोड भरलेल्या पोत्यासारखं दिसतं. कुठला स्नायू कामाला लागलाय तोच उठवा, बाकीचे झोपू द्या. आणि कुठला कामाला लागलाय हे तुम्ही पोज करून बघितलेलंच आहे.

शेडिंग

शेवटी आणि थोडंसं. उजेड कुठून येतो ते ठरवा, सावलीचा एकच सपाट टोन द्या, आणि मग मूळ चित्रातल्या छोट्या रेघा कुठल्या दिशेने जातात ते बघा. त्या अंगाला गुंडाळून जातात, दंडावर बांगड्या चढवल्यासारख्या. बोटाने घासू नका.

प्रिंट उलटी करा आणि परत काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त हीच गाळली जाते. कॉपी पूर्ण झाली की प्रिंट आणि कॉपी दोन्ही उलटी ठेवा, नवा कागद घ्या आणि तीच आकृती आठवून काढा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्र काढलंय ना, तसंच. पहिल्यांदा अगदी भयंकर येईल. येऊ दे. जिथे हात अडतो तिथे काय समजलं नव्हतं ते कळतं, समोर बघून काढताना ते कळतच नाही कारण डोळा उत्तर देत राहतो. मग प्रिंट सरळ करा, फक्त अडलेली जागा बघा, परत उलटी करा, पुढे जा.

तपासणीसाठी ट्रेसिंग पेपर. मूळ प्रिंटवरून मुख्य रेघा ट्रेस करून घ्या आणि तो कागद आपल्या कॉपीवर ठेवा (म्हणून कॉपी मूळ मापात करायची). माझं डोकं नेहमी मोठं आणि पावलं नेहमी लहान येतात, हे मला असंच कळलं, आणि तुमचीही अशी एखादी ठरलेली चूक असणार. ती कळली की पुढच्या चित्रात आधी तिकडेच लक्ष द्यायचं. ट्रेस करून त्यालाच कॉपी म्हणू नका मात्र, त्यात डोळ्याला काही कामच उरत नाही.

स्वतःच्या हाताने कॉपी

हे सगळं दोन-तीन महिने झालं की रेम्ब्रांटने केलं ते करून बघा. साधारण १६५६ ते ६१ या काळात, कर्जात बुडालेला असताना, त्याने मुघल मिनिएचर्सवरून, म्हणजे लघुचित्रांवरून, ड्रॉइंग्ज केली, त्यातली वीसेक आज शिल्लक आहेत. शाहजहान आहे, झाडाखाली बसलेले चार मौलवी आहेत, काही तर महागड्या जपानी कागदावर. तो हिंदुस्तानात कधीच आला नव्हता. त्या मिनिएचर्समधली नक्षी, बॉर्डर, बारीक रंगकाम त्याने बरंचसं सोडून दिलं आणि बसण्याची ढब, हाताचा इशारा, अंगरख्याचा घोळ एवढंच आपल्या रेघेत घेतलं. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर एका नजरेत कळतं काय घेतलं आणि काय टाकलं. तुम्हीही एखादी आकृती घ्या आणि ठरवून तीनच गोष्टी उचला, बाकी सोडा. कपड्यांच्या चुण्यांसाठी मी एम. व्ही. धुरंधरांची चित्रं घेते, कारण नऊवारीचा काष्टा पायावर कसा बसतो आणि पदर खांद्यावरून कसा पडतो हे कुठल्याही इटालियन माणसाच्या चित्रात मिळणार नाही.

आणि दर कॉपीनंतर एक खरा माणूस, हे सोडू नका. रात्रीच्या लोकलमध्ये झोपलेली माणसं, एसटी स्टँडवर पिशवीवर डोकं टेकून बसलेली, कोणीही. तुम्ही भरलेल्या बादलीचा हात कॉपी केला असेल तर दुसऱ्या दिवशी नळावरून बादली नेणारी बाई बघा आणि घरी येऊन आठवून काढा. तो हात तुम्हाला आता दिसेल, आधी दिसत नव्हता.

वेळाचं म्हणाल तर आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. एक चित्र दोन आठवडे. एक चित्रकार निदान तीन महिने, मग पुढचा. रोज नवीन चित्र डाऊनलोड करून फोल्डर भरत बसू नका, मी भरलाय, त्यातलं काहीही काढलेलं नाही.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, किती वेळ लागला आणि काय समजलं नाही ते एका ओळीत लिहा. पुढे खालच्या कोपऱ्यात स्वतःच्या नावासोबत "रेम्ब्रांटवरून" किंवा ज्याचं असेल त्याचं नाव, कुठेही शेअर करताना तर नक्कीच. आणि पहिली कॉपी फाडू नका, तीन महिन्यांनी ती न बघता तेच चित्र परत काढायचंय.